कराडची इलेक्ट्रिकल की पुण्यातली एआय? बार्शीच्या एका वडिलांना उत्तर

पत्र थोडक्यात असे आहे : “बार्शीत माझे मोटर वाइंडिंगचे दुकान आहे. मुलगी इथूनच बारावी झाली. सीईटीत तिला ९३.४ पर्सेंटाइल आहेत. आम्ही ओबीसी प्रवर्गात येतो, नॉन-क्रीमीलेअर दाखला आहे, घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. पुण्यातले एक खासगी विद्यापीठ कॉम्प्युटर-एआय शाखेत जागा देते आहे; शुल्क वर्षाला चार लाख. माझे मेहुणे पुण्यात असतात. ते म्हणतात, विद्यापीठाचे नाव आहे, डोळे झाकून घ्या. कॅप फेरीतून कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकल किंवा पुणे विद्यापीठाच्या एखाद्या खासगी महाविद्यालयात आयटी मिळू शकेल, असे इथले सर सांगतात. एक सल्लागार पन्नास हजार टोकन मागतो, जागा धरून ठेवतो म्हणतो. कोणते विद्यापीठ निवडावे?” आणि पत्राच्या तळाशी, वेगळ्या हस्ताक्षरात, दोन ओळी : “मला मशीनचे काम आवडते. पण वर्गातल्या सगळ्या मुली कॉम्प्युटरच घेत आहेत.”

सप्रेम नमस्कार.

सल्लागाराच्या टोकनापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या गोष्टींना अजून थोडा अवधी आहे आणि हा माणूस कदाचित उद्याच दुकानात येऊन बसेल. ते पन्नास हजार रुपये देऊ नका. खासगी महाविद्यालयांतील संस्था स्तरावरील जागा, ज्यांना आपण सगळे मॅनेजमेंट कोटा म्हणतो, त्यादेखील नियमाप्रमाणे अर्ज मागवून आणि गुणवत्ता यादी लावूनच भरायच्या असतात. त्रयस्थ माणसाला जागा धरून ठेवण्याचा कोणताही अधिकार नाही. ज्या पैशाची संस्थेच्या नावाची पावती मिळत नाही, तो परत मागण्याचा कागदोपत्री मार्गही उरत नाही. शिवाय अशा मार्गाने घेतलेल्या जागेमुळे आपल्या मुलीचे दुसरे एक मोठे नुकसान होईल, ते आता सांगतो.

राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळते. पूर्वी ती पन्नास टक्के होती. ही सवलत शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांपुरती नाही; खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांनाही ती लागू आहे. मात्र दोन अटी आहेत, आणि आपल्या पत्रातील तीन पर्यायांची वाटणी नेमकी त्या अटींवर होते. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला असावा, मॅनेजमेंट कोट्यातून नव्हे. आणि संस्था खासगी अभिमत विद्यापीठ किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ नसावी. म्हणजे कराडला मुलीचे शिक्षण शुल्क शून्य, पुण्यातील खासगी महाविद्यालयात कॅपमधून गेली तर तिथेही शून्य, आणि खासगी विद्यापीठात चार वर्षांचे सोळा लाख पूर्ण. विकास शुल्क, वसतिगृह आणि खाणावळ यांचा खर्च तिन्हीकडे राहतोच, तो वेगळा धरा.

सोळा लाखांपैकी बारा लाख कर्जाऊ काढले आणि दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १५,८५० रुपये येतो. शिकत असतानाच्या वर्षांचे व्याज साठले, तर तो याहूनही वाढेल. मोठ्या संख्येने भरती करणाऱ्या आयटी सेवा कंपन्या नवख्या अभियंत्याला साधारण तीन-साडेतीन लाखांचे पॅकेज देतात, म्हणजे कापून-सवरून हातात पंचवीस हजारांच्या आसपास. त्यातून पुण्याचे घरभाडे आणि हप्ता एकाच वेळी निघत नाहीत. मग हप्ता दुकानातून जातो. हे गणित मेहुण्यांसमोर कागदावर मांडा. त्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, परंतु ‘नाव आहे’ या दोन शब्दांसाठी सोळा लाख मोजण्यापूर्वी त्या नावामागे काय आहे ते तपासले पाहिजे.

त्यासाठी ‘विद्यापीठ’ या शब्दाखाली आपल्या राज्यात किती निरनिराळ्या गोष्टी चालतात, ते समजून घ्यावे लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ हे संलग्नता देणारे विद्यापीठ आहे; अभियांत्रिकीची कितीतरी महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आहेत. तिथे अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते, प्रश्नपत्रिका विद्यापीठ काढते, उत्तरपत्रिका दुसऱ्या महाविद्यालयातील प्राध्यापक तपासतात. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतही हीच पद्धत आहे. अशा दोन महाविद्यालयांच्या पदवीवर एकाच विद्यापीठाचे नाव असते, आणि तरीही एकातला विद्यार्थी चार वर्षांत अभियंता होतो तर दुसऱ्यातला केवळ उत्तीर्ण होतो. म्हणून ‘पुणे विद्यापीठ चांगले का’ या प्रश्नाला उत्तर नाही. त्यातील कोणते महाविद्यालय आणि कोणता विभाग, हे कळल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

कराडचे महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झालेले शासकीय महाविद्यालय असून ते स्वायत्त आहे. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम आपण आखते, परीक्षा आपण घेते, निकाल आपण लावते. पदवी मात्र मूळ विद्यापीठाची मिळते आणि तीवर महाविद्यालयाचे नावही असते. निकाल वेळेवर लागणे हा याचा मोठा फायदा. विद्यापीठाच्या निकालाची आणि पुनर्मूल्यांकनाची वाट पाहत कॅम्पस मुलाखतीच्या दिवसापर्यंत डोक्यावर न सुटलेल्या विषयांचा बॅकलॉग घेऊन फिरणारी मुले आपल्या ओळखीतही असतील. तोटाही आहे, आणि तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. जो शिकवतो, तोच प्रश्नपत्रिका काढतो आणि तोच तपासतो. शिक्षक कसलेले असतील तर यातून उत्तम शिक्षण होते. नसतील तर सगळ्यांना नऊ-नऊ ग्रेड पॉइंट मिळतात आणि कोणालाच काही येत नाही.

पुण्याचे सीओईपी हे तिसऱ्या प्रकारचे उदाहरण. १८५४ पासूनची परंपरा असलेले हे महाविद्यालय २०२२ मध्ये स्वतःच राज्य शासनाचे एकल तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. ते ‘विद्यापीठ’ आणि आपल्या पत्रातील खासगी विद्यापीठ यांत नावापलीकडे साम्य नाही. खासगी विद्यापीठ स्वतंत्र कायद्याने स्थापन होते, अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याच्याच हाती असतात, आणि खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क ज्या शुल्क नियामक प्राधिकरणाकडून ठरून येते, त्याची तशी कात्री या शुल्काला लागत नाही. काही खासगी विद्यापीठांनी चांगले शिक्षक आणि चांगल्या प्रयोगशाळा उभ्या केल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘विद्यापीठ’ ही पाटी म्हणजे दर्जाचा दाखला नव्हे. ती केवळ कायदेशीर स्वरूप सांगते. (बी.ई. की बी.टेक., हा प्रश्न आपल्या मेहुण्यांनी काढला असेल तर सोडून द्या. नोकरीला, गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेला आणि पुढील शिक्षणाला दोन्ही सारखेच चालतात.)

मग दर्जा कशावरून ओळखायचा? नॅक ही उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणारी परिषद; तिची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते. एनबीए हे तांत्रिक अभ्यासक्रमांना मान्यता देणारे मंडळ; त्याची मान्यता एकेका शाखेला. म्हणून जाहिरातीत ‘ए प्लस प्लस’ दिसले तरी आपल्याला हव्या असलेल्या शाखेला एनबीएची मान्यता आहे का आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे स्वतंत्रपणे पाहा. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य आहे. त्यामुळे एनबीएने पहिल्या स्तरात, म्हणजे प्रामुख्याने स्वायत्त संस्थांच्या स्तरात मान्यता दिलेल्या पदव्यांना अन्य सदस्य देशांत समकक्ष धरण्याची सोय झाली आहे. मुलीला पुढे परदेशी जायचे असेल तर ही गोष्ट कामाची आहे. नसेल तर तिच्यावर फार वेळ घालवू नका.

त्यापेक्षा अधिक उपयोगाचा एक कागद आहे, आणि तो फारच थोडे पालक उघडतात. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला, तिने दिलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. क्रमांक कितवा आला याकडे पाहू नका. आतला तक्ता पाहा. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमासमोर पहिल्या वर्षाला किती प्रवेश झाले, त्यांपैकी किती जण ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण उच्च शिक्षणाला गेले आणि नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक (मधोमध येणारा आकडा) किती, हे ओळीने दिलेले असते. समजा, पाचशे प्रवेशांपैकी साडेतीनशेच वेळेत बाहेर पडले आणि त्यांतील दीडशेंना नोकरी लागली, तर ‘पंच्याण्णव टक्के प्लेसमेंट’ या फलकाचा अर्थ आपल्याला लगेच कळेल. फलकावर धरलेली टक्केवारी बहुधा ‘पात्र’ विद्यार्थ्यांची असते, म्हणजे ज्यांना बॅकलॉग नाही, ज्यांचे गुण ठराविक मर्यादेच्या वर आहेत आणि ज्यांनी नोंदणी केली आहे अशांची. एकाच मुलाला तीन ऑफर आल्या, तर त्या तीन मोजल्या जातात. चव्वेचाळीस लाखांचे सर्वोच्च पॅकेज एकाला मिळालेले असते आणि छायाचित्र त्याचेच लावलेले असते. हा तक्ता संपूर्ण संस्थेचा असतो, शाखावार नसतो, एवढी मर्यादा लक्षात ठेवा. शाखावार आकडे प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे मागा, आणि ते देताना त्यांनी आढेवेढे घेतले तर तेही एक उत्तरच समजा.

शिक्षकांची यादी ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ नावाच्या कागदात असते. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या निकषानुसार पदवी स्तरावर वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा लागतो. २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखेच्या प्रवेशसंख्येवरील कमाल मर्यादा एआयसीटीईने काढून टाकली. त्यानंतर अनेक ठिकाणी कॉम्प्युटर आणि तिच्या भावंड शाखांच्या तुकड्या झपाट्याने वाढल्या. तुकड्या वाढवायला एक मंजुरी पुरते, जाणते शिक्षक मात्र असे एका उन्हाळ्यात मिळत नाहीत. खासगी विद्यापीठात आपल्या मुलीच्या शाखेला यंदा किती मुले घेणार आणि तिथे पाच वर्षांहून अधिक काळ टिकलेले शिक्षक किती, हे दोन आकडे विचारून घ्या. शाखेच्या नावात एआय असले, तरी पहिल्या दोन वर्षांतील विषय बहुतांशी साध्या कॉम्प्युटर शाखेचेच असतात. माझे स्वतःचे मत असे की, पदवीच्या पातळीवर नाव जितके रुंद तितके बरे. एखाद्या मुलीला कॉम्प्युटरच घ्यायचे असेल, तर मी तिला साधी कॉम्प्युटर किंवा आयटी शाखा आधी भरायला सांगेन.

परंतु आपल्या मुलीला कॉम्प्युटर घ्यायचे आहे का? पत्राच्या तळाशी लिहिलेल्या त्या दोन ओळींचे उत्तर पत्रात कुठेच नाही. तिला मशीनचे काम आवडते असे ती लिहिते, आणि ज्या घरात कोअर, कॉइल, वार्निश आणि मेगर रोजच्या बोलण्यात आहेत, त्या घरातील मुलीने हे लिहिणे, म्हणजे जाहिरात पाहून आलेली हौस नव्हे. ‘सगळ्या मुली कॉम्प्युटरच घेत आहेत’ हे खरे असले, तरी त्या सगळ्या मुली चार वर्षांनी एकाच मुलाखतीच्या रांगेत उभ्या असणार आहेत, हेही तितकेच खरे आहे.

इलेक्ट्रिकलची वाट अरुंद आहे, असा समज आपल्याकडे पसरला आहे. वस्तुस्थिती अशी की, बऱ्याच आयटी सेवा कंपन्या भरती करताना शाखा पाहत नाहीत, त्यामुळे तो दरवाजा इलेक्ट्रिकलच्या मुलीला बंद होत नाही. उलट दिशेने मात्र काही दरवाजे कॉम्प्युटरवाल्यांना बंद असतात. केंद्राच्या भारतीय अभियांत्रिकी सेवा परीक्षेत स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार या चारच शाखांच्या प्रश्नपत्रिका आहेत. महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती यांना लागतात ते विद्युत अभियंते. एनटीपीसी, पॉवरग्रिड यांसारखे केंद्रीय उपक्रम गेटच्या गुणांवर भरती करत आले आहेत, आणि गेट देताना कोणी तुमच्या महाविद्यालयाचे नाव विचारत नाही. आपल्या दुकानातही बदल दिसत असेलच : ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेनंतर शेतावर पंपासोबत कंट्रोलर येऊ लागला, आणि पंप बंद पडला की नुसते वाइंडिंग तपासून भागत नाही, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स समजावे लागते. विद्युत वाहने, बॅटरी, ग्रिडला जोडलेले सौर प्रकल्प, हे सगळे याच शाखेचे क्षेत्र आहे. तिला प्रोग्रॅमिंगही शिकायचे असेल, तर स्वायत्त महाविद्यालयांत साधारण १८ ते २० जादा श्रेयांक घेऊन दुसऱ्या शाखेतील ‘मायनर’, म्हणजे जोड-अभ्यासक्रम, करण्याची सोय असते. कराडला यंदा कोणते मायनर चालतात, ते विभागात विचारा.

दोष सांगायचाच तर असा, की मूळ अभियांत्रिकीच्या कंपन्या नवख्यांची भरती थोडक्या संख्येने करतात आणि सुरुवातीचा पगार अनेकदा आयटीहून कमी असतो. तिला कारखान्यात किंवा उपकेंद्रावर पाळीत काम करावे लागेल. तिची याला तयारी आहे का, हे तिलाच विचारा, तिच्या वतीने आपण उत्तर देऊ नका.

आता एक सूचना, जी मी प्रत्येक पालकाला करत नाही, परंतु आपल्याला आवर्जून करतो. पसंतीक्रम भरण्यापूर्वी मुलीला घेऊन कराडला आणि पुण्याच्या त्या महाविद्यालयाला जा, आणि मुख्य इमारतीऐवजी थेट विभागाकडे वळा. प्रवेश कक्षातील वातानुकूलित खोलीत बसून काहीच कळत नाही. इलेक्ट्रिकल मशीन्सची प्रयोगशाळा दाखवा म्हणावे. तिथे काय पाहायचे, हे आपल्याला माझ्याहून अधिक कळते. डीसी शंट मोटरच्या स्टार्टरची हँडल वापराने गुळगुळीत झाली आहे की तिच्यावर धूळ आहे? लोडसाठी ठेवलेल्या लॅम्प बँकेत किती दिवे जागेवर आहेत? टॅकोमीटर कपाटात कुलूपबंद आहे की टेबलावर? जोडणीच्या तारांची टोके मुलांनी हाताळून झिजलेली आहेत, की सगळे पॅनेलवर आधीच जोडून ठेवले आहे आणि मुले फक्त बटण दाबून रीडिंग उतरवतात? तिसऱ्या वर्षातील कोणाची तरी जर्नल मागून घ्या आणि शेजारच्या मुलाची त्याच प्रयोगाची पाने तिच्याशेजारी ठेवा. दोघांची रीडिंग दशांशापर्यंत सारखी असतील, तर प्रयोग झालेला नाही, नक्कल झालेली आहे. आयटीचा विभाग पाहायचा असेल तर मागच्या वर्षीचे अंतिम वर्षाचे प्रकल्प दाखवायला सांगा आणि ते चालवून दाखवायला सांगा. मुलीला म्हणावे, एक प्रकल्प निवड आणि तो करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला गाठून विचार की यातला तुझा भाग कोणता.

त्याच फेरीत ग्रंथालयातून किंवा मुलांकडून गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. दरवर्षी तेच प्रश्न आकडे बदलून येत असतील, तर मुले परीक्षेच्या आदल्या रात्री बाजारातील गाइड वाचून उत्तीर्ण होतात हे निश्चित समजावे, मग महाविद्यालय संलग्न असो की स्वायत्त. मुलींचे वसतिगृह मुलीनेच आतून पाहावे : पहिल्या वर्षाला खोली हमखास मिळते का, रात्री ग्रंथालयातून परत यायची वेळ काय, आणि मेसच्या जेवणाबद्दल मुली काय म्हणतात. यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही महाविद्यालयात चांगले मिळत नाही, ते फारसे मनावर घेऊ नये.

पुण्यात राहण्याचा फायदा नाकारता येत नाही. कंपन्या जवळ असतात, सुट्टीत इंटर्नशिप करणे सोपे जाते, स्पर्धा आणि कार्यशाळा सतत चालू असतात. कराडहून पुणे महामार्गाने साधारण १६० किलोमीटर आहे. शेवटच्या वर्षातील सहा महिन्यांची इंटर्नशिप पुण्यात येऊन करणाऱ्या बाहेरगावच्या मुली पुष्कळ असतात, परंतु दर आठवड्याला येणे-जाणे होणार नाही. त्याच वेळी पुण्याचा राहण्याचा खर्च कराडपेक्षा बराच जास्त आहे, आणि शिक्षण शुल्क दोन्हीकडे शून्य असल्यामुळे प्रत्यक्षात आपल्या खिशाला जाणवणारा फरक याच खर्चाचा असेल.

आता कटऑफच्या यादीविषयी. आपल्या सरांनी ‘मिळू शकेल’ म्हटले आहे, पण त्यांनी कोणता रकाना पाहिला, हे विचारून घ्या, कारण पालक नेहमी पहिला रकाना पाहतात आणि उगाच निराश होतात. सीईटी कक्षाच्या यादीत प्रत्येक जागेला एक इंग्रजी अक्षरांचा संकेत असतो. सुरुवातीचे ‘जी’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘एल’ म्हणजे मुलींसाठीच्या जागा. मधला भाग प्रवर्गाचा. आणि शेवटचे अक्षर जागा कोणासाठी ते सांगते : ‘एस’ राज्यस्तर, ‘एच’ गृह विद्यापीठ, ‘ओ’ गृह विद्यापीठाबाहेरचे उमेदवार. मुलगी बार्शीतून बारावी झाली आहे, म्हणजे सोलापूर जिल्हा, म्हणजे तिचे गृह विद्यापीठ पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. पुण्याच्या खासगी महाविद्यालयात ती ‘बाहेरची’ ठरते. तिथे तिने ‘एलओबीसीओ’ हा रकाना पाहायचा, ‘एलओबीसीएच’ नव्हे; आणि बाहेरच्यांच्या जागा कमी असल्याने तिथला कटऑफ पुष्कळदा वर असतो. शासकीय स्वायत्त महाविद्यालयांच्या जागा राज्यस्तरावर भरल्या जातात, म्हणून कराडसाठी ‘एलओबीसीएस’ पाहा. गेल्या दोन वर्षांच्या, आणि पहिल्याच नव्हे तर शेवटच्या फेरीच्याही याद्या काढा. सोलापूर विद्यापीठाच्या क्षेत्रातील एखाद्या चांगल्या महाविद्यालयात मात्र ती ‘घरची’ असेल. तोही पर्याय यादीत असू द्या.

पसंतीक्रम भरताना मागच्या वर्षीच्या कटऑफच्या उतरत्या क्रमाने महाविद्यालये लिहिण्याची चूक सर्रास होते. क्रम हा इच्छेचा असतो. वरच्या पसंतीला गुण कमी पडले तर खालच्या पसंतीवरचा हक्क जात नाही. जागा देणारी संगणक प्रणाली वरून खाली पाहत येते आणि बसेल ती पहिली जागा देते. उलट, पहिल्या पसंतीची जागा पहिल्याच फेरीत मिळाली तर ती आपोआप निश्चित होते आणि पुढील फेऱ्यांत बदल करता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत ‘मिळेल’ ती शाखा न लिहिता ‘हवी’ ती लिहावी. पुढील फेऱ्यांतही वरच्या काही पसंतींना असेच बंधन असू शकते. यंदाची माहिती पुस्तिका त्यासाठी वाचा, गेल्या वर्षीचे नियम कोणी तोंडी सांगितले तर त्यावर विसंबू नका.

आपल्या जागी मी असतो आणि भेटीत प्रयोगशाळा जिवंत दिसली असती, तर मुलीच्या होकाराने यादी अशी केली असती : सुरुवातीला सीओईपी आणि सांगलीचे वालचंद महाविद्यालय येथील इलेक्ट्रिकल, गुण अपुरे वाटले तरीही, त्यानंतर कराडची इलेक्ट्रिकल, मग छत्रपती संभाजीनगर, अमरावती येथील शासकीय महाविद्यालयांतील तीच शाखा, आणि त्याखाली कराडची आयटी व पुण्याच्या महाविद्यालयातील आयटी. भेटीनंतर मुलीने आयटी वर हवी असे म्हटले, तर क्रम उलटा करावा. दोन्ही क्रमांत शुल्काचे गणित बदलत नाही. खासगी विद्यापीठाला मी या यादीनंतरही ठेवणार नाही, कारण सोळा लाखांच्या मोबदल्यात वरच्या कोणत्याही पर्यायाहून सरस काय मिळते, हे आपल्या पत्रातून मला दिसले नाही. ते आपल्याला तिथल्या विभागात प्रत्यक्ष दिसले, तरच त्याचा पुन्हा विचार करा.

कागदपत्रांचे तेवढे आजच पाहा. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत कोणत्या वर्षीच्या ३१ मार्चला संपते ते पाहा, आणि आपल्याकडचा दाखला चालू वर्षासाठी वैध आहे याची खात्री करा. जात वैधता प्रमाणपत्र हाती नसेल, तर जात पडताळणी समितीकडे केलेल्या अर्जाची पावती जपून ठेवा आणि त्याचा पाठपुरावा सुरू करा. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून लागेल, आणि शुल्क सवलतीचा अर्ज प्रवेशानंतर महाडीबीटी पोर्टलवर वेगळा भरावा लागतो. तो राहिला तर सवलत आपोआप मिळत नाही. नोंदणीचे लॉगिन आणि पासवर्ड कोणत्याही सायबर कॅफेवाल्याकडे किंवा सल्लागाराकडे देऊ नका. मुलीने तो अर्ज स्वतः भरावा, आपण शेजारी बसावे, आणि निश्चित करण्याचे बटण दाबण्यापूर्वी छापील प्रत काढून प्रत्येक संकेतांक एकदा मोठ्याने वाचून घ्यावा.

आपला,
सदरलेखक